पेंढ्यातला चंद्र

नासिर होडेकर बोटीवर असला की राजिवड्यातलं त्याचं घर मोकळा श्वास घ्यायचं, आणि तो यायचा झाला की घरातली भांडीसुद्धा अंग चोरून बसायची. अजराने हे कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलण्यासारखं त्यात होतं तरी काय? नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, परक्या बंदरात दुसरा संसार मांडून बसला नव्हता. चीफ इंजिनिअरचा पगार, भाट्याच्या खाडीवर चिऱ्याचं घर, वर कातळावर हापूसची कलमं. दृष्ट लागावी असं सगळं. फक्त राग आला की नासिर बोलायचा थांबायचा. एकदा तर अख्खी सुट्टी तो तिच्याशी बोलला नव्हता. जेवायला बसायचा, नमाजाला जायचा, शेजाऱ्यांशी खिदळायचा, आणि अजरा समोरून गेली तर तिथे कुणी नाहीच असा बघायचा. त्यापेक्षा माणसाने दोन थोबाडीत द्याव्यात आणि मोकळं व्हावं, असं तिला वाटायचं.

त्याला नाद एकच, मोर्वालच्या घड्याळांचा. ही कुठलीशी जुनी स्विस पेढी. बोटीवरचे बाकीचे लोक टीव्ही आणायचे, अत्तरं आणायचे, ब्लँकेटं आणायचे. हा एक करार संपला की एक मोर्वाल घ्यायचा, आणि तेही सहज नाही. बंदरोबंदरी दुकानं पालथी घालायची, रंगीत माहितीपत्रकं जमवायची आणि घरी आला की ती पलंगावर पसरून बायकोला ऐकवत बसायचं. मोर्वालमध्ये काय नव्हतं! पाणबुड्यांसाठी जाडजूड होतं, लग्नकार्यात मिरवायला पापडासारखं पातळ होतं, शर्यतीचे सेकंद मोजणारं होतं. नासिरचा नियम असा, की पेढी एकच, पण एकाचा तोंडवळा दुसऱ्याला लागता कामा नये. सागवानी डब्यात मखमलीचे सहा खण होते. पाच भरले होते. सहाव्यात कुठलं बसवायचं यावर त्याने जितका विचार केला तितका स्वतःच्या निकाहाआधीही केला नसेल.

पाचवं घड्याळ चंद्राचं होतं. तबकडीच्या खालच्या अंगाला एक अर्धगोल खिडकी आणि तिच्यात निळ्या आभाळावर सोन्याचा चंद्र. खऱ्या चंद्राबरोबर तोही रोज तिळतिळ सरकायचा. एकदा चावी दिली की आठवडाभर चालायचं. नासिर नसताना दर शुक्रवारी पाचही घड्याळांना चावी द्यायचं काम अजराचं. चावी द्यायची, मऊ फडक्याने पुसायचं, खणात ठेवायचं. हातात घालायचं नाही, हे त्याने बजावून सांगितलेलं.

आता चंद्र हातात आल्यावर तो मनगटावर ठेवून बघणार नाही अशी बाई खाडीच्या अलीकडे-पलीकडे शोधून सापडायची नाही. अजरा शुक्रवारी ते घड्याळ घालायची. पुरुषी पट्टा, शेवटच्या भोकात अडकवला तरी कोपरापर्यंत घसरायचा. तशीच ती तांदूळ निवडायची, चहा करायची, आणि मधूनच हात वर करून चंद्र कुठवर आला ते बघायची. तेवढी एक दुपार तिची स्वतःची असायची.

दोन हजार एकच्या मे महिन्यात जयगडला तिच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. त्याच सुमारास मोहल्ल्यातली दोन बंद घरं फुटली होती. निघायच्या दिवशी अजराने घड्याळांचा डबा भाताच्या कणगीमागे ढकलला, वर गोणपाटं टाकली, कुलूप शोधलं, आणि दारात जीपचा हॉर्न वाजला तेव्हा तिला दिसलं की चंद्र मनगटावरच आहे. शुक्रवार होता. जीपमध्ये नणदा, जावा, सगळ्या बसलेल्या. परत गोणपाटं उपसायला सवड नव्हती आणि हात दाखवत बाहेर जायची सोय नव्हती.

तिचं माहेर केळशीचं. तिथे आंब्याच्या दिवसांत घर बंद करून जायचं झालं तर बायका दागिने आंब्याच्या पेंढ्यात खुपसून जायच्या. चोर कपाट फोडेल, आंबे हुंगत बसणार नाही, असं तिची आई म्हणायची. अजराने तेच केलं. पडवीत घरासाठी म्हणून बाजूला काढलेली एक पेटी होती, नाव न घातलेली. तिच्या पेंढ्यात, तळच्या आंब्यांच्या मधोमध, तिने घड्याळ फडक्यात गुंडाळून सरकवलं, वरून फळी दाबली आणि हसत हसत जीपमध्ये जाऊन बसली.

जयगडहून परत आली तेव्हा पडवी रिकामी होती.

खंडू खालच्या अंगाला राहायचा. होडी त्याची, मासेमारी त्याची, पण आंब्याच्या दिवसांत होडेकरांच्या पेट्या भरणं आणि गाडीला लावणं हे काम त्याच्याकडे नासिरच्या वडिलांपासून चालत आलेलं. कुलूप घराला होतं, पडवी उघडीच. अजराने विचारलं तेव्हा तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, "गाडीला येक पेटी कमी पडत व्हती, भाबी. ही भरलेली दिसली, तीच दिली लावून. नायतर गाडीवाला बोंबलला असता."

"खं गेली गाडी?"

"वाशीला, आनि खं? वाटेत मुंब्र्याला फैझानभायची उतरवायची, बाकी समदी मार्केटात."

वाशी. लाखो पेट्यांचा तो बाजार. तिची पेटी कुठल्या गुजराथ्याच्या घरी गेली असेल आणि कुठल्या पोराने पेंढ्यातून चंद्र उचलला असेल, अल्लालाच ठाऊक. तिने खंडूला चहा दिला. कप बशीवर वाजत होता, म्हणून तिने तो खाली ओट्यावर ठेवून पुढे सरकवला.

त्या दिवसापासून तिचं जेवण गेलं. नासिर रागावेल, बोलणं बंद करेल, हे तर होतंच. घड्याळ हातात घातल्याचं सांगावं लागेल, हेही होतं. पण खरी भीती निराळीच होती. ती धाकूची होती.

धाकू पूर्वी त्यांच्या कलमांची राखण करायचा. एका सुट्टीत नासिरच्या दुर्बिणीची काच तडकलेली निघाली. नासिरने आरडाओरडा केला नाही. त्याने धाकूला पडवीत बोलावलं, समोर उभं केलं आणि विचारलं, "घरात कोण येतं?" धाकू म्हणाला, "मीच येतो." झालं, तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून धाकू नाही. पुढे कळलं, दुर्बीण मांजराने पाडली होती. नासिर हसला आणि म्हणाला, "जाऊ दे, म्हातारा झालाच होता." पण तोवर मोहल्ल्यात आणि मच्छीमारांच्या खारवीवाड्यात धाकूच्या नावाला जे लागायचं ते लागून गेलं होतं. पुढे त्याला कुणी राखणीला ठेवलं नाही.

आणि पेटी तर खंडूनेच गाडीत चढवली होती. खरं सांगितलं तरी नासिर म्हणणार, पेंढा खंडूने चाचपला नसेल कशावरून?

धीर करून तिने फैझानला फोन लावला. फैझान म्हणजे नासिरचा चुलतभाऊ. त्याला खरं सांगायची सोय नव्हती. तो म्हणजे गावचा भोंगा, सकाळी कळलं तर दुपारपर्यंत बोटीवर. तिने आडून विचारलं, आंबे पोचले का, पिकले का नीट? पलीकडे फैझान उगाचच हसला. "भाभी, यंदाची पेटी म्हंजे काय सांगू! अशी गोड पेटी जन्मात खाल्ली नाय." एवढं हसण्यासारखं आंब्यात काय आहे ते तिला समजलं नाही. पण भ्यालेल्या माणसाला सगळ्यांचंच हसणं खुपतं, म्हणून तिने मनावर घेतलं नाही.

मग एका दुपारी सिंगापूरहून नासिरचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"दुकानातूनच बोलतंय. दोन मोर्वाल समोर ठेवलीत. येक काळ्या तबकडीचं, त्यात दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा तांबडा काटा. दुसरं पांढरं, बारीक आकड्यांचं, मागनं काच हाय, आतली चाकं दिसतात. यंदा तू सांग कुठलं घेऊ."

आजवर त्याने तिला घड्याळं ऐकवली होती, विचारलं कधीच नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती हरखून गेली असती.

"मना काय त्यातलं कळतं?" ती म्हणाली. "तुमाला आवडेल ते घ्या."

"तसं नाय. पांढरं आपल्या चंद्रासारखं तर दिसत नाय ना, ते बघायचंय. जा, चंद्राचं घेऊन ये. मी थांबतंय."

अजराने रिसीव्हर टेबलावर ठेवला. ती आतल्या खोलीत गेली, कारण पावलं ऐकू जायला हवी होती. कपाटाचं दार करकरायचं, ते तिने उघडलं आणि लावलं. डबा बाहेर काढून पलंगावर आपटला. रिकाम्या खणातली मखमल तिच्याकडे बघत होती. मग ती रिकाम्या हाताने परत आली.

"आणलं," ती म्हणाली.

"रुपयाचं नाणं ठेव त्यावर. तबकडी केवढी दिसते?"

तिने खरोखरच नाणं घेतलं आणि स्वतःच्या तळहातावर ठेवलं. "नाण्याभवती तांदळाच्या दाण्याएवढी कड राहते."

"आकडे?"

"सोन्याचे. उभे."

"आनि चंद्र? आज कितवा दाखवतंय?"

समोर घड्याळ नव्हतं. पण मुसलमानाच्या घरात आज चांद कितवा हे कुणाला विचारावं लागत नाही. सफर महिन्याचे शेवटचे दिवस चालले होते. "बारीक झालाय," ती म्हणाली. "नखाएवढा. येक-दोन दिवसांत दिसायचा नाय."

तारेतून नुसती खरखर येत होती. आपण वाचलो, असं वाटून तिने श्वास सोडला.

"बरोबर सांगितलंस," नासिर सावकाश म्हणाला. आणि मग अगदी सहज, चहाला काय खाल्लंस विचारावं तसं त्याने विचारलं, "मी नसताना घरात कोण येतं?"

कोणी नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण तारेतली ती खरखर बुजवायला तिच्या तोंडून काहीतरी जायलाच हवं होतं, आणि जे पहिलं हाताशी आलं तेच गेलं.

"कोन नाय. खंडूभाऊ येतो तेवढा. पेट्या न्यायला."

"खंडू," नासिर म्हणाला. "बरं. मग कुठलं घेऊ?"

"काळं," ती म्हणाली, कारण डोळ्यांपुढे तेवढंच दिसत होतं.

फोन बंद झाल्यावर ती तिथेच जमिनीवर बसली. आपण काय केलं ते तिला ताबडतोब कळलं. खोटं तर बोललोच, पण त्याच्या हातात माणूसही देऊन बसलो.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. खंडू रोजच्यासारखा मागच्या दाराला यायचा, कधी बांगडा, कधी मोडुशा अशी मासळी घेऊन. चहा पिताना होडीच्या नव्या फळ्यांविषयी बोलायचा. अजरा त्याच्याकडे बघायची नाही. पातेल्याकडे, कोंबड्यांकडे, त्याच्या पायांकडे बघायची. "भाबी, बरं नाय काय? तोंड उतरलंय," तो म्हणाला, तर तिला हुंदका आला आणि ती कांदा शोधायला आत पळाली. सांगून टाकावं, असं दर सकाळी ठरवायची. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की खंडूभाऊ, मी तुझं नाव सांगितलं? पडवीत सायकल वाजली तरी ती दचकायची. नमाजाला बसली की सजद्यात डोकं टेकून तशीच राहायची, कारण वर उठलं की पुन्हा घर सुरू व्हायचं.

नासिर आला तो एका सकाळी, गाडीने. मुंबईत उतरून फैझानकडे राहून आला होता. अंगावर नवा शर्ट, तोंडभर हसू. तिने केलेलं सुरमईचं कालवण त्याने चाटूनपुसून खाल्लं, सांदणाची तारीफ केली. अजरा समोर उभी राहून वाढत होती आणि मनात एकच म्हणत होती, आता विचारील, आता विचारील.

जेवण झाल्यावर त्याने हात पुसले. "आण डबा."

तिने आणला. त्याने टेबलावर पांढरं कापड अंथरलं, डबा मधोमध ठेवला आणि खटका दाबला. चार घड्याळं चमकली. दोन खण रिकामे होते. एक सहावा, जो रिकामाच होता, आणि एक पाचवा.

त्याने पाचव्या खणातल्या मखमलीवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. बाहेर कावळे ओरडत होते, खालून खाडीवरच्या होड्यांची ठकठक येत होती.

"चंद्र कुठाय?"

ती पांढऱ्या कापडाची घडी सारखी करू लागली.

"परवा फोनवर तर तुझ्या हातात व्हता."

मागच्या दाराला पावलं वाजली. "भाबी, टोप आना, कोळंबी हाय!" खंडूचा आवाज.

नासिरने मान वळवून तिकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे. "घरात कोण येतं म्हणालीस? बोलव त्याला इकडं."

धाकूची ती पडवी तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मान खाली घालून उभा असलेला म्हातारा, हातात मुंडासं. त्या दिवशीही ती इथेच होती, चहाचा ट्रे धरून, आणि बोलली नव्हती. भीतीला एक टोक असतं. त्याच्यापुढे जायला जागाच नसली की माणूस मागे वळतो. अजरा मागे वळली.

"खंडूभाऊचा काय संबंध नाय," ती म्हणाली. आवाज फाटका निघाला, पण निघाला. "मी हातात घातलं व्हतं. दर शुक्रवारी घालतंय. जयगडला जाताना पेंढ्यात लपवलं नि पेटी वाशीला गेली. फोनवर मी खोटं बोलले. हातात काय नव्हतं, नाणं व्हतं नुसतं. काय करायचं ते मना करा."

आणि नासिर हसायला लागला.

आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि चंद्र काढून पांढऱ्या कापडावर ठेवला.

"गाडीवाल्यानं नाव न बघता पेटी उतरवलीन फैझानकडं! आंबे काढताना त्याला सापडला. सिंगापूरला पोचायच्या आधीच मना ठाव व्हतं." तो हसता हसता खोकला. "आनि तू काय झकास बोललीस ग! कपाट काय वाजवलंस! पन चंद्रात फसलीस. हे तर चावीवाचून बंद पडलं व्हतं, अर्ध्या चंद्रावर. फैझाननं सांगितलेलं मना. तू म्हनतेस नखाएवढा! बोटीवर सगळ्यांना सांगितलं, कॅप्टन तर पोट धरून हसला."

अजरा त्या घड्याळाकडे बघत राहिली. अर्धा चंद्र. तिने दिलेली शेवटची चावी संपली त्या दिवसाचा.

"तुमाला ठाव व्हतं," ती म्हणाली.

"जरा गंमत केली. कधी सांगतेस ते बघत व्हतो."

"आनि खंडूभाऊचं नाव कशाला इचारलंत?"

"मी कुठं नाव इचारलं? तूच सांगितलंस." तो अजून हसतच होता. "घे, ठेव खणात. तुझ्याच हातानं ठेव."

तिने घड्याळ उचललं, पण खणाशी नेईपर्यंत बोटं इतकी थरथरली की पट्टा मखमलीवर आपटत राहिला. नासिरने मदतीला हात पुढे केला, आणि त्याचा हात वर येताना दिसताच अजराने दोन्ही कोपरं उचलून तोंड झाकलं. घड्याळ खाली पडलं. त्याने आजवर तिच्यावर हात टाकला नव्हता, एकदाही नाही. तरी तिचं अंग असं वागलं.

नासिरचं हसू तिथेच राहिलं, ओठांवर अर्धवट.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खंडू उभा होता. टोप मिळेना म्हणून तो आत आला होता, आणि केव्हापासून उभा होता ते त्याच्या तोंडावरून कळत होतं. हातातल्या केळीच्या पानातून कोळंबीचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

अजराने कोपरं खाली घेतली. पदर सारखा केला आणि त्याच्याकडे चालत गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"खंडूभाऊ, फोनवर तुजं नाव मी घेतलं. ह्यांनी इचारलं घरात कोन येतं, नि मी भियाली, तुजं नाव सांगितलं. तुजी काय चूक नाय. माजी हाय."

खंडूने ऐकून घेतलं. मान हलवली, पण तिला नाही, स्वतःशीच. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "नासिरभाय, धाकूला पन असंच बोलवलं व्हतंत ना?"

नासिर उत्तर द्यायला उठला, पण उठून नुसताच उभा राहिला.

खंडूने पान ओट्यावर ठेवलं. "कोळंबी ताजी हाय, भाबी. लगेच सोला," असं म्हणून तो मागच्या दाराने उतरला. चुलीवर चहा उकळत होता, त्याचा कप काढून ठेवलेला होता. त्याने तिकडे बघितलं नाही. वाडीच्या वाटेने त्याची पाठ खाली खाली गेली आणि माडांच्या आड दिसेनाशी झाली.

नासिरने खाली पडलेलं घड्याळ उचललं. काचेला काही झालं नव्हतं. ते तिला दिसलं, आणि तो काच तपासून बघत नाही हेही दिसलं. घड्याळ हातात धरून तो तिच्या शेजारी, मागच्या दारात येऊन उभा राहिला. बॅगेत कुठेतरी ते काळं मोर्वाल असणार, तिने निवडलेलं. त्याने ते काढलं नाही.

"चहा न घेता गेला," तो म्हणाला.

अजराने चूल बारीक केली, कोळंबी परातीत ओतली.

"अजरा, उद्या येईल ना तो?"

हा आवाज तिने ओळखला. उत्तर ऐकायला भिणारा. गेले कित्येक दिवस तिनेच तो पोटात सांभाळला होता.

"मना ठाव नाय," ती म्हणाली, आणि कोळंबी सोलायला बसली.